मागच्या गडग्यापर्यंत

आपल्या शाळेच्या मैदानामागे चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) होता. गॅदरिंगला वाडीवरच्या म्हाताऱ्या बायका खुर्च्या सोडून त्या गडग्यालगत गोणपाट टाकून बसत. नातवंडं पेंगली की कुणाला अडथळा न करता उठता येई. स्टेजपासून गडगा चाळीस पावलांवर. तालमीला आमचे विज्ञानाचे सर कायम तिथेच उभे असत. १९८९ च्या डिसेंबरात, मी आठवीत असताना, ते तिथून ओरडले, "पोरांनो, एक शब्द कळत नाही!"

तेव्हा भाड्याचा भोंगा यायचा. भोंगा लांब पोचतो हे खरं. तेवढाच आवाज काढायला साध्या कागदी कोनच्या स्पीकरला तीसेक पट वीज लागते. पण साधारण ३०० हर्ट्‌झच्या खालचे सूर त्यातून निघतच नाहीत. आमचं नाटक दशावतारी ढंगाचं: पायपेटी, पखवाज, झांज. पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजे, झांज कानात घुसे आणि या दोहोंत पाचवीतल्या मुलीचं बोलणं बुडून जाई.

पुढच्या वर्षी सरांनी फळ्यावर हिशोब मांडला. उघड्या मैदानात आवाज परतवायला भिंती नसतात. अंतर दुप्पट झालं की आवाजाचा जोर ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाचं माप) कमी. एक मीटरपासून ३२ मीटरपर्यंत पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३० डेसिबल गेले. मग एकाऐवजी चार छोटे स्पीकर एकावर एक उभे लावायचे, म्हणजे एक खांब. अशा उभ्या रांगेचा आवाज वर-खाली कमी पसरतो, माडांच्या शेंड्यांवर वाया न जाता समोर बसलेल्यांकडे जातो.

सहा इंची, ८ ओहम रोधाचे (विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजतात) आठ स्पीकर गणपतीला येणाऱ्या एका चाकरमान्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. दोन-दोन सिरीजमध्ये (एकामागे एक), त्या जोड्या पॅरलल (शेजारी-शेजारी): चार स्पीकर मिळून पुन्हा ८ ओहमच. असे दोन खांब पॅरलल जोडले की ४ ओहम. कारच्या रेडिओसाठी बनवलेल्या टीडीए २००५ या आवाज वाढवणाऱ्या आयसीला (चिपला) तेवढाच भार हवा होता. १२ व्होल्टच्या जीपच्या बॅटरीवर पंधराएक वॅट मिळाले. ओहमचा नियम मला पुस्तकातून कळला नव्हता, त्या दिवशी कळला.

खोकी मोडक्या बाकांच्या फळ्यांची. स्पीकरच्या पाठचा आवाज फटीतून पुढे आला तर तो पुढच्या आवाजाला खातो, म्हणून एकही फट नको. होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांनी सांध्यांत कापूस ठासून वर राळ लावून दिली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. सगळा खर्च हजाराच्या आत बसला.

पहिल्या चाचणीला मात्र सर गडग्यावरून विचारत होते, "पखवाज कुठे गेला?" एकेक खांब लावला तर पखवाज भरदार, दोन्ही लावले की मधोमध उभ्या माणसाला पोकळ. आम्ही तासभर आयसीला दोष देत बसलो. शेवटी सरांनी टॉर्चमधला सेल काढला आणि एका खांबाच्या तारांना टेकवला. चारही कोन किंचित बाहेर सरकले. दुसऱ्या खांबाला तसाच टेकवला, तर कोन आत गेले. तार उलटी जोडली होती, माझ्याच हाताने. एक खांब हवा ढकलत होता, दुसरा ओढत होता. सर रागावले नाहीत. लाल रंगाची डबी माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता प्रत्येक धन टोकाला ठिपका लाव." आजही नवा स्पीकर हाती आला की मी आधी सेल टेकवून बघतो.

हल्ली गावोगावी भिंतीएवढे बॉक्स येतात. छाती हादरते, आणि छोट्या मुलाची कविता तरीही ऐकू येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. त्या मुलाने ती महिनाभर पाठ केलेली असते.

खाऱ्या हवेने टोकं हिरवी पडत, म्हणून प्रत्येक कार्यक्रमानंतर ती घासून व्हॅसलीन लावायचं काम माझ्याकडे होतं. माइकच्या मागे खांब आला की शिट्टी वाजते, म्हणून ते नेहमी माइकच्या पुढे उभे करायचे.

दहावीच्या वर्षी आम्ही ते खांब आणि बॅटरी होडीत घालून खाडीपलीकडच्या शाळेत नेले. तिथे वीज नव्हती. गॅसबत्त्यांच्या उजेडात पाचवीतल्या एका मुलीने तारामतीचं काम केलं. मी सरांसारखाच मागे, शेवटच्या माडापाशी जाऊन उभा होतो. खेळ संपल्यावर शेजारी बसलेली म्हातारी काठी टेकत थेट स्टेजजवळ गेली आणि त्या मुलीचा हात धरून म्हणाली, "गो बाय, तुझो शबूद न् शबूद माका ऐकाक इलो."

– एक माजी विद्यार्थी (दहावी, १९९२)