नाव लिहू नकोस

"नाव लिहू नकोस बाळा."

मामेभावाच्या लग्नात आज आहेराची वही माझ्याकडे होती. नाव, गाव, रक्कम. १०१, ५०१, मध्येच एखादा ११०१. एका आजींनी कनवटीची पन्नासाची नोट काढून हातात ठेवली.

"अहो आजी, मामी विचारेल ना, कुणी दिले?"

"म्हणून तर. लिहिलंस की तिला फेडावं लागंल. माझ्या घरात आता कुणाचं लगीन राहिलंय?"

मामी उद्या हीच वही उघडून बसणार. कुणाकडे कार्य कधी, परत किती करायचं. त्यात वाईट काही नाही म्हणा, अशा आहेरांवरच कित्येक लग्नं निभावलीत.

आत्ता मामा तिसऱ्यांदा मोजतोय. पन्नास रुपये जास्त भरतायत.

सांगू का त्याला?