लग्नातली आग, साल १३९३

मी फायर सेफ्टीचं ट्रेनिंग देतो, कंपन्यांत, हॉस्पिटलांत आणि लग्नसराईच्या आधी मंगल कार्यालयांत पण. मागच्या वर्षी तुळशीच्या लग्नाआधी साताऱ्याजवळ एका कार्यालयात गेलो होतो, समोर पंचवीसेक माणसं, आचारी, वाढपी, डेकोरेशनवाले, भांडी घासणाऱ्या मावश्या, साऊंडवाला पोरगा. व्हिडिओ लावला की लोक मोबाईल काढतात, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच एक जुनं चित्र स्क्रीनवर लावलं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत फ्रुआसार नावाच्या जुन्या फ्रेंच बखरकाराच्या बखरीची हस्तलिखित प्रत आहे, १४७० च्या सुमाराला आताच्या बेल्जियममधल्या ब्रूज गावात रंगवलेली, त्यातलं हे पान. म्हटलं, काय दिसतंय ते तुम्हीच सांगा.

सगळे आधी पेटलेल्या माणसांकडेच बघत होते. मग मी प्रसंग सांगितला. २८ जानेवारी १३९३, पॅरिस, राणीच्या एका सखीचा पुनर्विवाह, त्याचा जलसा. फ्रान्सचा राजा सहावा शार्ल, वय २४, आणि पाच सरदार रानटी माणसांची सोंगं घेऊन नाचायला आलेत. लिननचे कपडे अंगाला घट्ट, त्यावर राळ, आणि राळेवर केसांसारखे दिसावेत म्हणून जवसाचे तंतू चिकटवलेले, म्हणजे चालतीबोलती मशालच की. त्यात पाच जण एकमेकांना साखळीनं बांधलेले. मशाली जवळ आणू नका असा हुकूम आधीच दिला होता बरं का, पण राजाचा भाऊ ऑर्लेआंचा लुई उशिरा आला, त्याला हे माहीतच नाही, सोंगाखाली कोण आहे बघायला मशाल जवळ नेली आणि भडका उडाला.

डेकोरेशनवाले काका लगेच म्हणाले, "सर, आमच्यातबी रात्री येणाऱ्या माणसाला कोण काय सांगतंय?" हे मी तासभर बोलून पोचवू शकलो नसतो.

मग मागून एक मावशी उठल्या, पार स्क्रीनजवळ आल्या आणि बोट ठेवलं. "ही बाई बघा, हिनं कुणाला तरी पदराखाली घेतलंय." अख्ख्या चित्रात राजा जेमतेम दिसतो आणि मावशींनी बरोब्बर तेच हेरलं. ती बेरीची डचेस, निळ्या घागऱ्याखाली राजाला झाकून बसलीये. नात्यानं राजाची काकू, वय मात्र पंधराच्या आसपास. बाकीचे ओरडत होते तेव्हा त्या पोरीनं राजाभोवती कापड घट्ट गुंडाळलं, हवा तोडली, राजा वाचला. एका सरदारानं पेले धुवायच्या टबात उडी मारली, तो पण वाचला. बाकी चौघं गेले, कुणी तिथंच, कुणी दोन-तीन दिवसांनी.

"पण मावशी, तुमची ही साडी नाही चालायची," मी म्हटलं, "सिंथेटिक आहे, वितळून कातडीला चिकटेल. जाड लोकरीचं घोंगडं किंवा फायर ब्लँकेटच घ्यायचं." त्या म्हणाल्या, घोंगडं आमच्या घरी दोन आहेत, एक इथं आणून ठेवते. मला खरंच भरून आलं.

साऊंडवाला पोरगा इतका वेळ गप्प होता. त्यानं वर बोट दाखवलं, "सर, हे वाजवतायत अजून." वरच्या सज्जात वाजंत्री बसलेत, खाली माणसं जळतायत आणि यांचं वाजवणं चालूच. हे चित्र मी कितीतरी वेळा बघितलंय, पण यावर कधी बोललो नव्हतो. आणि बोलायलाच हवं होतं, कारण डीजे चालू असेल तर 'आग लागली' म्हणून कितीही ओरडा, कुणाला ऐकू जात नाही, आधी आवाज बंद व्हायला पाहिजे, मगच माईकवरून सांगता येतं कुठल्या दारानं निघायचं ते.

तो पोरगा न विचारता उठला, मिक्सरच्या टेबलापासून मेन स्विचपर्यंत पावलं मोजत गेला, परत आला. "तेवीस पावलं सर. आणि मधे खुर्च्यांची थप्पी आहे."

ट्रेनिंग तिथंच थांबवलं आणि सगळ्यांनी मिळून आधी त्या खुर्च्या हलवल्या.