गोचीड गाईवर कमी, गोठ्यात जास्त

आमच्या चार संकरित गाई. पाऊस सुरू झाला की कासेच्या खोबणीत, कानात, शेपटीच्या मुळाशी एरंडाच्या बीसारखे टरारलेले गोचीड लोंबायचे. मी दुकानातलं औषध पाण्यात कालवून पंपाने मारायचो. चार दिवस बरं वाटायचं, पंधरवड्यात पुन्हा तेच. मग मी मात्रा वाढवली. एका गाईच्या तोंडातून लाळ गळायला लागली तेव्हा घाबरून थांबलो. त्याच वर्षी एक कालवड गोचीड तापाने गेली. ताप चढलेला कळला तेव्हा उशीर झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "एकच औषध वाट्टेल तसं मारलंत की त्यातून जे तगतात त्यांचीच पिल्लावळ वाढते. आणि तुम्ही मारताय फक्त गाईवर."

ते पटलं नाही. म्हणून एक भरलेली गोचीड मादी बामच्या रिकाम्या बाटलीत टाकली, तोंडाला फडकं बांधलं आणि बाटली कोनाड्यात ठेवली. काही दिवसांत तपकिरी अंड्यांचा ढीग लागला. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. महिनाभराने बाटलीत खसखशीसारखी पिल्लं वळवळत होती. खायला काही नाही, तरी कित्येक आठवडे जिवंत! एक जात गाईवरच वाढते आणि अंडी घालायलाच खाली पडते. पण डॉक्टरांनी दाखवलेले आमच्याकडचे बरेचसे हायलोमा नावाच्या दुसऱ्या जातीचे निघाले. हे रक्त पिऊन खाली उतरतात, भिंतीच्या फटीत कात टाकतात आणि पुन्हा चढतात. आमचा गोठा दगड-मातीचा, म्हणजे त्यांचा वाडाच.

मग आधी भिंती धरल्या. गाई बाहेर बांधल्या, चारा हलवला आणि गॅसच्या फ्लेमगनने प्रत्येक फट शेकली. फटी सिमेंटने बुजवल्या, वर चुना मारला. गव्हाणीखालचं जुनं शेण खरवडून काढताना जे दिसलं ते सांगत नाही, तुम्ही जेवत असाल.

गाईंसाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचवलेला पाला वापरला. दहा लसणाच्या पाकळ्या, दहा ग्रॅम वेखंड, वीस ग्रॅम हळद आणि कडुलिंबाचा पाला, निंबोळ्या, तुळस, घाणेरी प्रत्येकी मूठभर. सगळं वाटून लिटरभर पाण्यात कालवायचं, गाळायचं आणि भर उन्हात अंगभर लावायचं. तेच पाणी गोठ्याच्या फटींतही मारायचं. आठवड्यातून एकदा, न चुकता. खरं सांगतो, पहिल्या फेरीत मला फरक दिसला नव्हता. चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर कासेला हात लावला तर जागा मोकळी लागली.

आईने चार गावरान कोंबड्याही सोडल्या. त्या गाईच्या पायाखाली फिरून पडलेले गोचीड टिपतात. त्यांची अंडी मात्र ती मला देत नाही.

गोचीड पार संपले असं नाही. रोज संध्याकाळी धार काढायच्या आधी कानामागे, कासेखाली बोटं फिरवतो. सापडलेला गोचीड पायाखाली चिरडत नाही, रॉकेलच्या डब्यात टाकतो. गाईला ताप दिसला, डोळे पांढुरके वाटले किंवा लघवी लाल झाली तर पाला बाजूला ठेवून थेट डॉक्टरांना फोन. बाजारातून नवी गाय आली की पंधरा दिवस लिंबाखाली वेगळी बांधतो. शेजारचे तात्या हसतात, "नवी सून बाहेर का बसवलीय?"