बोटीचा बेंच

आमचं फॅब्रिकेशनचं दुकान अमळनेरला. मे महिन्यात कूलरचे स्टँड, ग्रिल आणि ट्रॉलीची डागडुजी एवढंच काम असतं. त्यात एक पोरगं आलं, फौजेतलं, महिन्याच्या सुट्टीवर, मांड्या अशा की टेलरने टेप दोनदा लावावा. म्हणे काका, बोटीचा बेंच बनवायचाय. आमचा कारागीर लगेच हसला, "आठे पानी कोठे शे रे भो, बोरी नदी कोरडी पडेल शे!"

पोरगा शांतपणे मोबाईल काढून बसला. तो फौजेकडून सेलिंग करतो, बोट आयएलसीए 7, आधी तिला लेझर म्हणायचे. नुसता सांगाडा 59 किलो, शीड 7 चौरस मीटर, आणि माणूस एकच. वारा शिडाला दाबतो, बोट कलते, मग हा आतल्या पट्ट्यात पाय अडकवून मांडीपासून वरचं सगळं अंग पाण्यावर बाहेर लोंबकळतं ठेवतो. ह्याला हायकिंग म्हणतात, आणि त्याचाच सराव जमिनीवर करायला हा बेंच. रेस पाऊण-एक तासाची, वारा जिकडून येतो तिकडे चढताना असंच राहायचं, एका हातात शिडाची दोरी, दुसऱ्यात सुकाणूचा दांडा. बोटी सगळ्यांच्या डिट्टो सारख्या, एक स्क्रूसुद्धा मनाने बदलायचा नाही. हे मला फार आवडलं, आमच्याकडे तर प्रत्येक गिऱ्हाईकाला शेजाऱ्यापेक्षा वेगळं गेट लागतं. म्हणजे उरलं काय तर डोकं आणि मांड्या. आणि वजन 80-85 किलो राखायचं, हलका झाला की वाऱ्यात बोट धरवत नाही. आपल्या 44 डिग्रीत माणूस आपोआप वाळतो, म्हणून त्याची आई रोज दाबून भाकरी नि शेवभाजी घालत होती, खुशीत होती बिचारी.

2023 च्या एशियन गेम्समध्ये विष्णू सरवणनने ह्याच बोटीवर ब्राँझ आणलं, तोही फौजेतलाच, आणि देवासची नेहा ठाकूर, भोपाळच्या तलावात शिकलेली, तिने लहान शिडाच्या आयएलसीए 4 मध्ये सिल्व्हर. देवासला तरी कुठे समुद्र आहे, म्हणे. कारागीर गप्प.

ड्रॉईंग त्याने वहीच्या पानावर आणलं होतं, मापं बोटीवरून घेतलेली, पण पाय पलंगासारखे चार कोपऱ्यात. मी म्हटलं बाबा, तू मागे झुकला की हे तुझ्यासकट उलटणार. मग खालचे दोन पाईप मागे त्याच्या कमरेच्याही पुढे जातील इतके लांब काढले. 40 बाय 40 चा चौकोनी पाईप, 2 एमएम, गुण्या लावून कट, कोपऱ्यांना तिकोनी पट्ट्या, मांडी टेकते तिथे गोल पाईप, त्यावर फोम नि रेक्झिन. पट्टा भंगारातल्या गाडीच्या सीटबेल्टचा. मजुरीसकट साडेतीन हजार सांगितले. खरं सांगतो, असं नीट काम गेल्या दोन वर्षांत हातून झालं नव्हतं, गिऱ्हाईक मागतच नाही तर करणार कुठून.

पट्टा अडकवायचा क्लँप तेवढा कारागिराला दिला. लाईट जायची वेळ झाली होती, त्याने दोन टाके मारले, वरून रेड ऑक्साईड फिरवला नि म्हणे झालं. रंगाखाली टाका आणि पूर्ण वेल्ड सारखेच दिसतात, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगा दुकानातच बसला. आधी मी बसून बघितलं, चाळीस सेकंदात मांड्या थरथरायला लागल्या. तो दीड मिनिट आरामात, गप्पा मारत, मग म्हणे लाट आली की असा झटका द्यावा लागतो, आणि झटका दिला. क्लँप सुटला. मागच्या मागे. डोकं फरशीवर जायचं ते कूलरच्या वाळ्याच्या गासड्यांवर गेलं, त्या सकाळीच उतरवल्या होत्या नि मी पोरांना ओरडत होतो वाटेत ठेवल्या म्हणून.

कारागिराला बोललो, जास्तच बोललो. पण रात्री हिशोब लावला तर चूक माझीच होती. आयुष्यभर मी वजन खाली येणाऱ्या वस्तू केल्या, स्टँड, पलंग, टाकीचा मांडव. ह्याच्यात मांडी टेकते तो काठ म्हणजे तराजूची दांडी, 82 किलोचं अंग एकीकडे आणि दुसरीकडे तो एवढासा क्लँप, त्याला वर ओढ आहे, जवळपास अख्ख्या अंगाची, झटक्यात त्याहून जास्त. मी पाय मजबूत करत बसलो आणि सगळा भार जिथे होता ते काम कारागिराला दिलं.

क्लँप पुन्हा बनवला, स्वतः. 6 एमएमची पट्टी, चारी बाजूंनी पूर्ण वेल्ड, रंगाआधी हातोडीने ठोकून बघितला, वर आरपार बोल्ट. पैसे घेत नव्हतो, त्याने दुकानातल्या पोराच्या हातात कोंबले. तो मात्र त्याच दिवशी परत बसला, मानेला बाम चोळून, तीन मिनिटं. मी मागे गोधडी धरून उभा.

सुट्टी संपली, तो गेला. बेंच त्यांच्या ओट्यावर आहे, आई त्यावर वाळवण घालते. मी त्या गल्लीतून जातो तेव्हा बोल्ट हलवून बघतो, ती म्हणते भाऊ, पापड मोडतीन.