क्रुएलाचा लाल गाऊन: बॉडिस उभा राहिला, आणि पिक्चरबद्दल जे बोलायचंच होतं ते

तर मंडळी अपडेट असा की मांजरपाटाची ट्रायल पक्की झाली, टॅफेटा (ते कडक, चकाकणारं कापड) बेतून कापून झाला आणि बॉडिस, म्हणजे गाऊनचा कमरेपर्यंतचा वरचा भाग, आतल्या सगळ्या आधारासकट उभा राहिलाय. खालचा घेर बाकी आहे, पांढरी केप तर अख्खीच बाकी आहे. नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी २०२१ च्या 'क्रुएला'मधला ('१०१ डाल्मेशियन्स'मधल्या खलनायिकेच्या तरुणपणाचा पिक्चर) तो ब्लॅक अँड व्हाइट बॉलवाला, म्हणजे काळ्या-पांढऱ्या कपड्यांच्या पार्टीतला, लाल गाऊन शिवतेय, जो पांढऱ्या केपच्या आत असतो आणि केप पेटल्यावर दिसतो तो. पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, पिक्चर बघायचा असेल तर आधी बघून या.

आधी शिवणकाम. हा गाऊन दिसायला एक सलग कापड अंगाभोवती पिळून घेतल्यासारखा दिसतो पण तसा तो नसतो, आत एक वेगळा कडक ड्रेस असतो आणि बाहेरचं लाल कापड फक्त त्याच्यावर बसवलेलं असतं. पिक्चरची कॉस्च्युम डिझायनर जेनी बीवनने या गाऊनसाठी फॅशन डिझायनर चार्ल्स जेम्सच्या 'ट्री' गाऊनचा संदर्भ घेतला होता, तो १९५५ चा, वरून गुडघ्यापर्यंत चुण्यांनी घट्ट आणि खाली एकदम घेर फुटतो. चार्ल्स जेम्सचे फोटो बघितले नसतील तर नक्की बघा, त्याचे बॉल गाऊन म्हणजे शिवणकाम कमी आणि बांधकाम जास्त. त्यामुळे मी पण आतून सुरुवात केली. जाड कॉटनचा आतला बॉडिस, त्याला उभ्या पट्ट्यांमधून बोनिंग (आकार धरून ठेवणाऱ्या कडक काड्या), आणि कमरेला आतून एक न ताणणारी रिबन जी मागे हुकने घट्ट बसते. ही रिबन सगळ्यात महत्त्वाची, कारण खांदे उघडे आहेत, वरून धरायला काही नाही, सगळं वजन कमरेवर यायला पाहिजे. ती नसेल तर बॉडिस दर पाच मिनिटांनी खाली सरकतो आणि माणूस पूर्ण कार्यक्रमभर दोन्ही हातांनी वर ओढत बसतो, आणि क्रुएला काय कपडे वर ओढत फिरणारी बाई नाही.

मग चुण्या. या मशीनवर होतच नाहीत. टॅफेटा उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापून घेतला, डमीवर आतला बॉडिस घट्ट बसवला, आणि छातीपासून एकेक चुणी हाताने दुमडत, टाचत, कमरेच्या दिशेने थोडी तिरकी नेत खाली आणली. उरेब कापलं की कापड वळणाला थोडं लवतं, सरळ धाग्यावर कापलं असतं तर प्रत्येक वळणावर फुगा आला असता. टॅफेटाचा एक स्वभाव आहे की टाचणीचं भोक कायमचं राहतं, म्हणून टाचण्या फक्त मायेत किंवा चुणीच्या आतल्या बाजूला. चुण्या मनासारख्या पडल्या की आतून बारीक कच्चे टाके घालून त्या अस्तराला धरल्या, पण सगळीकडे नाही, चुणीची वरची कड मोकळी ठेवली. पूर्ण दाबून टाकली तर नुसत्या रेघा दिसतात, मोकळी ठेवली की उजेड तिच्यावर पडतो आणि खाली सावली पडते आणि तेव्हाच तो ड्रेस पडद्यावरच्यासारखा हलतो. डाव्या बाजूला चेनच्या इथे चुण्या एका रेषेत जुळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच पाहिजे होता, बाजूने चालत गेल्यावर तीच जागा दिसते.

रंगाबद्दल पण थोडं. त्या सीनमध्ये आजूबाजूला शंभर माणसं फक्त काळ्या-पांढऱ्यात आहेत म्हणून तो लाल तेवढा पेटलेला वाटतो. तोच शेड साध्या उजेडात, रंगीबेरंगी लोकांमध्ये घातला तर केशरीकडे झुकतो. म्हणून मी मुद्दाम एक पायरी खोल, किंचित निळसर झाक असलेला लाल घेतला. स्क्रीनशॉटवरून रंग जुळवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, प्रत्येक स्क्रीनवर तो वेगळाच दिसतो.

आणि लाल म्हटलं की मला तो आधीचा सीन आठवतो, बॅरोनेसच्या वर्कशॉपमधला. बॅरोनेस म्हणजे बडी फॅशन डिझायनर, आणि एस्टेला म्हणजे आपली क्रुएलाच, तिचं खरं नाव, ती बॅरोनेसकडे कामाला असते. बॅरोनेस डमीवरचा कपडा ब्लेडने कापत असते, एस्टेलाला ते ब्लेड लागतं, रक्त येतं, आणि बॅरोनेसला काय दिसतं तर रंग. या लाल रंगाची कापडं आणा म्हणते. सॉरी नाही काही नाही. एमा थॉम्पसन ते इतक्या सहज बोलते की हसू येतं आणि मग अंगावर काटा येतो. माझ्या डोक्यात बॉलमधला लाल गाऊन थेट या रक्तापासून सुरू होतो. पिक्चर हे कुठेही बोलून दाखवत नाही, पण मला ते तिथे दिसतं.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसले. हा पिक्चर बघून लोकांच्या दोन टोकाच्या प्रतिक्रिया ऐकू येतात. एक म्हणजे काय भारी स्टाइल आहे, आणि दुसरी म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांचा कोट शिवणाऱ्या बाईची बाजू घेऊन पिक्चर कशाला काढायचा. मला दोन्ही पटतात, पण शिवता शिवता माझं मत असं झालंय की या पिक्चरची स्क्रिप्ट तिला खलनायिका करायला घाबरते आणि कपडे अजिबात घाबरत नाहीत.

स्क्रिप्ट काय करते बघा. आई डाल्मेशियन कुत्र्यांमुळे कड्यावरून पडते, म्हणजे कुत्र्यांचा राग का ते समजलं. मग कळतं की कुत्र्यांना शिट्टी बॅरोनेसने मारली होती, म्हणजे खरी वाईट ती. मग ती डाल्मेशियनच्या ठिपक्यांचा कोट घालून स्टेजवर येते, सगळ्यांना वाटतं मारले की काय हिने कुत्रे, आणि पिक्चर लगेच सांगतो की नाही नाही, कुत्रे सुखरूप आहेत. मग कळतं की बॅरोनेसच तिची खरी आई, म्हणजे वाईटपणा पण रक्तातून आलेला. दर वेळी तिच्या वतीने कोणीतरी खुलासा देतंय असं वाटतं. १९६१ च्या कार्टूनमधल्या क्रुएलाला कारणच नव्हतं हो, ती दार ढकलून आत यायची, धूर सोडायची, फर पाहिजे म्हणायची, बस. डोडी स्मिथच्या १९५६ च्या मूळ पुस्तकात तर तिचा नवराच फरचा व्यापारी आहे, म्हणजे हाव एकदम सरळ, धंद्यातली. तिला दुःखी बालपण द्यावं लागलं नाही आणि तरी ती साठ-पासष्ट वर्षं लोकांच्या लक्षात राहिली.

पण कपड्यांकडे बघा. लाल गाऊन कुठून आलाय, तर बॅरोनेसच्याच जुन्या कलेक्शनमधला ड्रेस, तिचा मित्र आर्टीच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळालेला, तो एस्टेला उसवते, कापते, नव्याने बांधते आणि घालून बॅरोनेसच्याच पार्टीत तिच्यासमोर उभी राहते. जो माणूस स्वतः शिवतो त्याला विचारा हे किती क्रूर आहे. दुसऱ्याने वर्षानुवर्षं डोकं लावून बेतलेल्या कपड्याला कात्री लावायची आणि तो मूळच्यापेक्षा चांगला करून दाखवायचा, तोही सगळ्यांच्या देखत. याला खुलासा नाही, आईचं कारण नाही, इथे तिला फक्त जिंकायचंय आणि मजा येतेय. एमा स्टोनचा चेहरा त्या क्षणी बघा, सूड वगैरे दिसत नाही, आनंद दिसतो. मला तीच खरी क्रुएला वाटते.

आणि पतंगांचा सीन! एस्टेला बॅरोनेससाठी सोनेरी मण्यांनी भरलेला ड्रेस करते, तो सगळ्या कलेक्शनबरोबर तिजोरीत ठेवला जातो, आणि ते मणी म्हणजे कोश असतात. तिजोरी उघडते तेव्हा आत पतंगांचा लोट आणि कपड्यांच्या चिंध्या. ज्याच्या जपून ठेवलेल्या रेशमाला किंवा लोकरीला कधी कसर लागलीय त्याला तो सीन बघवत नाही. (खरं तर कापड खाते ती अळी, उडणारा पतंग खात नाही, पण पिक्चरला तेवढं माफ.) आणि ते मणी एकेक करून हाताने टाकायचे म्हणजे किती तास गेले असतील, तेवढा वेळ ती बाई शांतपणे बसून सुईने दुसऱ्याचं वाटोळं शिवत होती. आईच्या मरणाच्या सीनपेक्षा मला हा सीन हजारपट जास्त सांगतो की ही बाई काय चीज आहे.

हे सगळं श्रेय जेनी बीवनचं. १९५० चा जन्म, लंडनची, म्हणजे पिक्चर ज्या सत्तरच्या दशकात घडतो तेव्हा ती स्वतः विशीत होती आणि ते सगळं तिने बघितलंय. एकट्या एमा स्टोनसाठी ४७ कॉस्च्युम केले, आणि २०२२ ला कॉस्च्युम डिझाइनचं ऑस्कर मिळालं, तिचं तिसरं. व्हिव्हियन वेस्टवुडच्या पंक काळाची छाप उघड दिसते, फाडलेलं, पिनांनी जोडलेलं, मिलिटरी जॅकेटचं उलटंपालटं केलेलं. बॅरोनेस बरोबर याच्या विरुद्ध, डिओर आणि बालेन्सियागाच्या वळणाची, एकेक ड्रेस मूर्ती घडवल्यासारखा, कुठे एक सुरकुती नाही. दोघींमधलं भांडण संवाद बंद करून बघितलं तरी समजतं, मी म्यूट करून बघितलंय आणि खरंच समजतं.

एक तक्रार मात्र मनापासून आहे, दिग्दर्शक क्रेग गिलेस्पीच्या एडिटिंगच्या वेगाबद्दल. कचऱ्याच्या गाडीतून पडणारा तो ड्रेस, ज्याचं मागचं शेपूट ४० फुटांचं आहे, तो पडद्यावर किती वेळ दिसतो? काही सेकंद. क्रुएला बॅरोनेसच्या गाडीवर चढून जो लाल स्कर्ट पसरते त्याला ५,०६० पाकळ्या हाताने लावल्यात आणि आपण नीट बघेपर्यंत कट. वर एकामागोमाग एक गाणी, एक संपत नाही तोवर दुसरं. मला फ्रेम पॉज करत करत शिवण कुठून गेलीय ते शोधावं लागतं. पार्कमधल्या शोमध्ये आर्टी स्टेजवर गातो ते मात्र जमलंय, कारण तिथे गाणं सीनच्या आत आहे, वरून लावलेलं नाही.

केस-मेकअप नाडिया स्टेसीचा, त्यावर वेगळं लिहीन कारण अर्धा काळा अर्धा पांढरा विग हा स्वतंत्र विषय आहे. एवढंच सांगते की भांगाची रेघ सरळ ठेवली तर कार्टून वाटतं, किंचित तुटक ठेवली की खरे केस वाटतात. आणि सिगारेट होल्डर शोधू नका, या पिक्चरमध्ये नाहीये, डिस्नेच्या पिक्चरमध्ये आता सिगारेट ओढलेली दाखवत नाहीत. तिच्या हातात काठी आहे, आणि फोटोसाठी पोज द्यायला काठी जास्त उपयोगी पडते असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता पुढचं काम. घेरासाठी आतून कडक नेटचे थर लावणार, वरचा थर छोटा, खालचा मोठा, आणि प्रत्येक थर आतल्या ड्रेसला जोडणार, लाल टॅफेटाला नाही, नाहीतर वजनाने वरच्या चुण्या ओढल्या जातील. गुडघ्याच्या जरा वर घेर सुटायला हवा, तिथेच, त्याच्या खाली नेला तर चालता येत नाही आणि वर नेला तर तो आकारच जातो. त्यानंतर खालची कड हाताने हेम करणार, टॅफेटावर मशीनची टिप लांबून पण दिसते.

केपचं अजून ठरत नाहीये. जाळायचा प्रश्नच नाही, आणि प्लीज कोणी तसा प्रयत्न करू पण नका, आतलं नेट सिंथेटिक असतं, ते पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. मला केप एका झटक्यात उतरायला पाहिजे आणि उतरताना गाऊनच्या चुण्यांत अडकायला नको. दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, गळ्याशी आणि खांद्यावर दाबाची बटणं, ओढलं की सुटतील. दुसरा, मागच्या मधल्या शिवणीला मोठ्या टाक्यांचा एकच जाड दोरा, टोक हातात ठेवायचं, ओढला की केप दोन भागात पडते. दुसऱ्यात आवाज येत नाही आणि दिसायला जास्त भारी, पण प्रत्येक वेळी परत शिवावं लागणार. कोणी स्टेजसाठी असं केलं असेल तर दोरा कुठला वापरला आणि टाका किती लांब ठेवला ते सांगा, कापड मी हलकं क्रेप घ्यायचं म्हणतेय पण ते अजून घेतलेलं नाही, त्यामुळे बदलता येईल.