केरसुणीनं मारलेला पांढरा हात

एप्रिलमधली सकाळ, साडेदहा वाजलेले. फळीवर २० वाडगे, ट्रिमिंग म्हणजे जादा माती तासणं झालेलं, माती बरोब्बर हवी तशी आलेली, म्हणजे नख रुततं पण दाबलं तर वाडगा वाकत नाही. आणि तिसऱ्या वाडग्यावर माझा ब्रश सुटला. म्हणजे अक्षरशः, बांधलेला दोरा कुजला होता, काड्या सगळ्या स्लिपच्या, म्हणजे पांढऱ्या पातळ मातीच्या, बादलीत.

तो ब्रश म्हणजे भाताच्या पेंढ्याचा जाडाभरडा कुंचा, मी कोरियातल्या इचॉनहून आणलेला. तिथे त्याला ग्वीयाल म्हणतात आणि त्यानं केलेल्या कामालाही तेच नाव. करड्या मातीचं भांडं चाकावर फिरवायचं आणि पांढऱ्या पातळ मातीत बुडवलेला कुंचा त्यावर एकदाच फिरवायचा. कुठे जाड बसतं, कुठे खालची माती दिसते, काड्यांच्या रेघा तशाच राहतात. अशी पांढरी स्लिप दिलेली करडी भांडी म्हणजे बुनचॉंग. हे नाव मात्र तेव्हाचं नाही, १९३० च्या दशकात को यु-सॉप ह्या कलाइतिहासकारानं दिलेलं. भांडी १५व्या-१६व्या शतकातली. आधी त्यावर ठशांची बारीक नक्षी असायची, मग राजदरबारासाठी ग्वांगजूला पांढऱ्या पोर्सेलिनच्या सरकारी भट्ट्या सुरू झाल्या आणि गावोगावचे कुंभार दरबाराच्या देखरेखीतून सुटले, त्यांचा हात मोकळा झाला. मला तो मोकळा हात फार फार आवडतो. १५९२ मध्ये जपानची स्वारी झाली, कितीतरी कुंभार तिकडे नेले गेले आणि कोरियात हे काम जवळजवळ थांबलंच.

तर त्या सकाळी १७ वाडगे उरलेले आणि बाहेर ऊन चढत चाललेलं. बाजारातला मऊ केसांचा ब्रश मी आधी वापरून बघितलाय, त्यानं भिंतीला डिस्टेंपर मारल्यासारखं सपाट येतं, रेघच उठत नाही. स्टुडिओत कामाला येणाऱ्या मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, शिंदीची केरसुणी चालंल का? नवी हाय, अजून जमिनीला लावली नाय." मी हो म्हटलं तर त्यांनी आधी तिला हळदीकुंकू लावलं, नमस्कार केला, "लक्ष्मी हाय ती" म्हणाल्या, आणि मगच चार बोटं जाडीची जुडी मला सोडवून दिली.

शिंदीचं पातं पेंढ्यापेक्षा खूप कडक. पहिल्या वाडग्यावर ओरखडेच उठले, त्यात मी परत परत हात मारला, माती पाणी प्यायली आणि काठ बसला खाली, गेला तो. मग मावशींनीच जुडीची टोकं दगडानं ठेचली, दातवण ठेचतो ना तशी, धागे सुटेपर्यंत, आणि मी ती दहा मिनिटं पाण्यात ठेवली. पुढच्या वाडग्याला जो हात बसला तो बघून मी चाक थांबवून नुसती बसून राहिले. नांगरलेल्या शेतासारख्या बारीक सऱ्या, तळाकडून निघून काठाला येता येता विरळ होत गेलेल्या, आणि शेवटी जिथे कुंचा उचलला तिथे एक पांढरी शेपटी.

लोकांना वाटतं हे काय, कसंही फासलंय. तसं नाहीये हो. एका वाडग्याला कुंचा लागतो तो चार-पाच सेकंद, चुकलं तर दुरुस्ती नाही, कारण दुसरा हात मारला की पहिल्याचा जीव जातो. आणि सगळा खेळ ओलाव्याचा. माती ओली असेल तर काठ बसतो. वाळली असेल तर ती आधीच आकसून झालेली असते आणि वरची स्लिप नंतर एकटीच आकसते, मग पापुद्रा सुटतो. त्या दिवशी मी प्रत्येक वाडग्याच्या तळाशी सुईनं वेळ कोरत होते, सव्वाअकरापासून. शेवटचा झाला तेव्हा १:०५ झाले होते, पाठ मोडून गेलेली, मावशींनी चहा ठेवला होता तो गार.

भट्टी उघडली तीन आठवड्यांनी. माझ्या मातीत स्थानिक लाल माती मिसळलेली असते, तिच्यातल्या लोहामुळे गॅसच्या भट्टीत हवा कमी केली की करडा रंग येतो, आणि त्या करड्यावर केरसुणीच्या रेघा अशा उठल्या होत्या की मी पहिला वाडगा गरम असतानाच उचलला. १४ वाडगे चांगले निघाले. पेंढ्याच्या कुंच्याचे तीन मऊ, ढगासारखे, शिंदीचे अकरा जास्त खरखरीत, आणि खरं सांगते, मला शिंदीचेच जवळचे वाटले. पाच वाडग्यांचे मात्र काठापासून पापुद्रे सुटलेले, नख लावलं की टवका हातात.

पाचही उलटे करून बघितले. १२:३५, १२:४२, १२:५०, १२:५८, १:०५. चांगल्यातला शेवटचा होता १२:२८ चा. ते पाच मी फेकले नाहीत, चाकासमोरच्या फळीवर उपडेच ठेवलेत, वेळ दिसेल असे. आणि नव्या केरसुणीची एक जुडी आत्ता ठेचून पाण्यात टाकलीये, सकाळी आठला सुरू करायचंय.