फिश फाइंडरचा पडदा वाचायला शिकताना

दाभोळच्या खाडीत मी लहानपणापासून गरवतो, म्हणजे गळाने मासे पकडतो. पाणी किती वाव (हात पसरून मोजायची खोली) आहे, खडप (पाण्याखालचा खडक) कुठे आहे, हे होडीवाले काका शिसं बांधलेली दोरी सोडून सांगायचे. त्यांच्या होडीला फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र, बसला, पडद्यावर माशांची चित्रं सरकू लागली आणि मला एकच प्रश्न पडला: हा मासा आत्ता आपल्या खाली आहे का?

काकांनी तेच शिसं काढलं. होडी नांगरून ट्रान्सड्यूसरच्या (यंत्राचा पाण्यात आवाज सोडणारा भाग) बरोबर खाली ते सोडलं. पडद्याच्या उजव्या कडेला एक तिरकी रेघ उतरत गेली. दोरी धरून ठेवली की रेघ आडवी. शिसं वर ओढून घेतलं तरी आधीची रेघ तशीच डावीकडे सरकत राहिली. तिथे उलगडा झाला. ईसीजीच्या पट्टीसारखंच हे: उजवा काठ म्हणजे आत्ता, बाकी सगळं होऊन गेलेलं.

मग बाकीचं समजत गेलं. ट्रान्सड्यूसरमधला सिरॅमिकचा तुकडा विजेने थरथरतो, आपल्याला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीची पुन्हा वीज करतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, म्हणजे साडेसात मीटरवरच्या तळाला लागून तो सेकंदाच्या शंभराव्या भागात परत येतो. खोलीचा आकडा हा निव्वळ वेळेचा हिशेब.

आवाज खाली जाताना शंकूसारखा पसरतो. आमच्या यंत्रात आवाजाची कंपनं २०० किलोहर्ट्झ (सेकंदाला दोन लाख) असताना हा शंकू सुमारे २० अंशांचा आहे. १० मीटर खाली जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचं पाणी दिसतं. ८३ किलोहर्ट्झला ६० अंश, म्हणजे साडेअकरा मीटर, पण बारकावे कमी. मासा शंकूच्या कडेला असताना लांब, मधोमध आला की जवळ, जाताना पुन्हा लांब, म्हणून पडद्यावर कमान उमटते. होडी आणि मासा दोन्ही स्थिर असले की नुसती लांबलचक रेघ येते. तिच्या लांबीवरून माशाचा आकार ठरत नाही, हे नव्या गरवणाऱ्याला मी आवर्जून सांगतो.

सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. घोळ माशाची हीच पिशवी मोठ्या भावाने विकली जाते. आवाज मुख्यतः तिच्यावरूनच उलटतो, कारण माशाचं मांस आणि पाणी आवाजाला जवळजवळ सारखंच. मुशी आणि पाकट यांना ती नसतेच, म्हणून त्यांची खूण फिकी. त्यात पाकट तळाला चिकटून बसलं की वेगळं दिसणं कठीणच.

आता माशांची चित्रं बंद करून मी तळ वाचतो. चिखलाचा पट्टा पातळ येतो. खडपाचा जाड, ठसठशीत. कधी दुप्पट खोलीवर त्याचीच दुसरी सावली उमटते. जिताड्यासाठी मी त्या खडपाची कड शोधतो. तिथल्या उतारावर मासा तळाच्या प्रतिध्वनीत लपतो, त्यामुळे पडदा रिकामा असला तरी गरी टाकतोच.